खिडकीची बदली

धुळ्यात लाकूड पावसानं सडत नाही, कुलरनं सडतं, हे ज्ञान मला आमच्या घरमालकांनी दिलं. देताना त्यांचं बोट माझ्याच कुलरकडे होतं.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे कुलर म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये भाड्यानं आणायची वस्तू. धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर शिक्षक म्हणून नेमणूक झाली आणि पहिल्याच एप्रिलमध्ये कळलं, की इथे भाकरीच्या खालोखाल कुलर. तो खिडकीत बसवायचा, अर्धा आत अर्धा बाहेर, चौकटीच्या खालच्या लाकडावर. मग तो मार्च ते जून ठिबकत राहतो आणि ते लाकूड चार महिने पाणी पीत राहतं. सगळ्या गावाच्या खिडक्या अशाच सडतात आणि सगळं गाव पुढल्या मार्चमध्ये कुलर पुन्हा तिथेच ठेवतं. मीही ठेवला. कोणी सांगितलं तर ऐकण्याचा माझा स्वभाव नाही आणि इथे तर कोणी सांगितलंही नव्हतं.

घरमालकांना सगळे नाना म्हणत. शेजारी म्हणत, दूधवाला म्हणे, त्यांचा पुण्यातला मुलगाही नानाच म्हणे. पंच्याहत्तरी ओलांडलेली, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, धुळ्यातल्या घरात खाली एकटे राहत. वरची खोली भाड्यानं देत, ती मला मिळाली. नाना शिक्षण खात्यात कारकून होते आणि नोकरीची शेवटची वीसेक वर्षं त्यांच्याकडे शिक्षकांच्या बदल्यांचं टेबल होतं. ते टेबल नानांनी सोडलं, पण टेबलानं नानांना सोडलं नाही.

कचेरीत हिरव्या शाईनं फक्त साहेब सही करतात. निवृत्त झाले त्या दिवशी संध्याकाळी नानांनी घरी येताना हिरवा पेन विकत घेतला आणि तेव्हापासून वाण्याची यादीसुद्धा हिरव्या शाईत जायला लागली. बोलण्याचेही त्यांनी दोन कप्पे केलेले होते. नियम सांगायचा असला की छापील मराठी. राग आला, दुखलं-खुपलं किंवा हसू आलं, की अहिराणी. "सदर बाब विचाराधीन आहे" असं ते म्हणाले की निर्धास्त राहावं. "हाई कोनी कयं?" (हे कोणी केलं?) ऐकू आलं की चप्पल घालून बाहेर पडावं.

त्या घरात कुठलीच वस्तू आपल्या मूळ जागी नव्हती. माझ्या मोरीचा दरवाजा आधी स्वयंपाकघरातली मांडणी होता. जिन्याच्या कठड्यातला एक दांडा टेबलाचा पाय होता. पत्रपेटी म्हणजे जुन्या रेडिओचं खोकं होतं, आणि पोस्टमन अजून त्यात आवाज येतो का ते वाकून बघे. नाना याला दुरुस्ती म्हणत नसत. ते याला बदली म्हणत. त्यांचं म्हणणं असं, की लाकूड निवृत्त होत नाही, त्याची बदली होते. बदल्यांचे प्रकारही खात्यातलेच. एखादी वस्तू आपणहून करकरायला लागली की तिची विनंती बदली. चांगली असलेली वस्तू गरजेपोटी उचलली की प्रशासकीय. आणि दोन वस्तूंनी एकमेकींच्या जागी जायचं म्हणजे आपसी. अंगणातला नळ आणि स्वयंपाकघरातला नळ यांची त्यांनी आपसी बदली केली होती आणि त्यानंतर दोघंही गळायचे थांबले, हे मी स्वतः पाहिलं आहे. कसं ते मला विचारू नका.

मला खोली देताना त्यांनी घेतलेली मुलाखतही त्याच थाटाची. आधीच्या भाडेकरूंसारखा हिशेब नाही, अनामत रकमेची घासाघीस नाही. विचारलं काय, तर, "गुरुजी, घरची मंडळी कुठे?"

म्हटलं, साताऱ्याकडे. बायकोची नोकरी तिथली, मुलगी लहान.

"म्हणजे तुम्हाला आंतरजिल्हा बदली पाहिजे."

"कोणाला नको असते?"

यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ऑनलाइन अर्ज कसा भरतात ते त्यांना येत नव्हतं, पण कुठल्या रकान्यात काय लिहिलं म्हणजे अर्ज बाद होतो हे त्यांना पाठ होतं. दर वर्षी माझा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला. दर वर्षी तो बाद न होता नुसताच पडून राहिला.

तर खिडकी. त्या वर्षी मार्चमध्ये मी कुलर उचलून जागेवर ठेवायला गेलो आणि आधारासाठी चौकटीवर टेकवलेला अंगठा आत गेला. चहात बुडवलेल्या खारीसारखं लाकूड. खालचं आडवं लाकूड जवळजवळ सगळं गेलेलं आणि डावीकडच्या उभ्या लाकडाचा वीतभर भाग. गज त्याच लाकडात बसवलेले, त्यामुळे हात लावला की गजांसकट सगळी खिडकी हलायची. खोली रस्त्याच्या बाजूची. मी दिवसभर शाळेत. मी खाली जाऊन तोंडानं सांगितलं. नाना म्हणाले, "लेखी द्या."

मला राग आला. चौथीच्या वहीतलं पान फाडून मी लिहिलं, विषय: खिडकीच्या चौकटीबाबत. अर्ध्या तासात त्याच पानावर हिरव्या शाईत शेरा आला, "समक्ष पाहणी करण्यात येईल." समक्ष पाहणीला ते हातात कपाटाची किल्ली घेऊन आले आणि चौकट इंचाइंचानं ठोकत गेले. कान लाकडाला लावलेला. कुठे टक् वाजलं की मान हलवत, कुठे भद्द वाजलं की थांबत. मग कुलरकडे बोट आणि ते सुरुवातीला सांगितलेलं ज्ञान.

मी म्हटलं, "चूक माझी, कबूल. पण हे आता दुरुस्त होण्यातलं नाही. मुलाला फोन करा, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवून टाकू."

"त्याले फोन कराना नही!"

चप्पल घालून बाहेर पडायची वेळ होती. पण खोली माझी होती, जाणार कुठे? नाना माझ्या खुर्चीवर बसले. मग हळूहळू छापील मराठीत येत त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या हिवाळ्यात ते मोरीत घसरून पडले होते, ते मला माहीत होतं, मीच दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून मुलानं ठरवलं होतं की नानांना पुण्याला न्यायचं आणि हे घर विकासकाला द्यायचं. मुलगा वाईट नव्हता. चौथ्या मजल्यावर लिफ्ट आणि शेजारी डॉक्टर असलेल्या घरात बाप असावा असं वाटणाऱ्या माणसाला वाईट कसं म्हणणार? त्यानं एवढंच सांगितलं होतं, की यापुढे घरानं मोठा खर्च काढला की समजायचं, घर संपलं. त्यात नानांनी मध्यंतरी फोनवरच्या कुठल्याशा गोड बोलणाऱ्या बाईला ओटीपी सांगून टाकला होता, तेव्हापासून पेन्शनचं कार्ड मुलाकडे. महिन्याला घरखर्चापुरतं येई. माझं भाडंही परस्पर मुलाच्या खात्यात. म्हणजे खिडकी करायची तर वाण्याच्या यादीतून जे वाचेल त्यात करायची, आणि आखाजीच्या आत करायची. आखाजीला मुलगा आईच्या नावानं घागर भरायला येणार होता.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे मला खानदेशात येऊन कळलं. महिना-सव्वा महिना हातात होता.

नानांनी मिस्त्री बोलावला. मोहल्ल्यातले जुने मिस्त्री, नानांच्याच वयाचे, गावभर त्यांना चाचा म्हणत. त्यांनी खिडकी बघितली, बिडी पेटवली आणि सांगितलं, की चौकटीची टोकं भिंतीत गेली आहेत, भिंत मातीत बांधलेली आहे. चौकट उपसली तर खिडकीबरोबर अर्धी भिंत खाली येईल. भिंत आली म्हणजे गवंडी आला आणि गवंडी आला म्हणजे पुण्याचा फोन आला. तेव्हा चौकट जागच्या जागी ठेवून सडलेलं तेवढं कापायचं आणि तिथे नवा तुकडा सांधायचा.

"नवा नही," नाना म्हणाले. "जुना साग."

यावर दोघांचं एकमत होतं, आणि दोघांचं एकमत झालेली ती त्या कामातली शेवटची गोष्ट. नवं लाकूड उन्हाळ्यात आकसतं, सांध्याला फट पडते, फटीत पाणी जातं. मुरलेला सागच पाहिजे. तो वखारीत मिळत होता, पण जो भाव सांगितला तो ऐकून नाना वखारवाल्याला नमस्कार करून निघाले. मग टेप घेऊन घरभर शोध सुरू झाला. मांडणीची उरलेली फळी लांबीला पुरेना. दरवाजाची पट्टी रुंदीला पुरेना. चौथ्या दिवशी शाळेतून आलो तर खालच्या खोलीत नानांचा पलंग मोडून भिंतीला उभा केलेला आणि त्याची एक बाजूपट्टी काढून दारात ठेवलेली. त्यावर हिरव्या शाईचा कागद चिकटवला होता, "प्रशासकीय कारणास्तव."

लग्नातला पलंग होता तो. मी म्हटलं, "नाना, तुम्ही झोपणार कुठे?"

"गादी आहे."

"जमिनीवर? या गुडघ्यांनी?"

"उन्हाळ्यात फरशी गार लागते. सदर बाबतीत पुढील पत्रव्यवहार करू नये."

सकाळी उठताना ते गादीवरून आधी बाजूला वळत, मग गुडघ्यावर येत, मग कपाटाला धरून उभे राहत. मी दूध आणायला जाताना दारातून हे दिसे. मी पुढे होऊन हात देत नसे, कारण एकदा दिला होता तर त्यांनी मला दिवसभर अहिराणीत उत्तरं दिली होती.

काम रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, सकाळी सातपासून ऊन चढेपर्यंत. मी गज धरून उभा. चाचांनी सडलेला भाग तिरका कापायला घेतला. तिरका का, तर सांध्याला धरायला जागा जास्त मिळते आणि पाणी खाली वाहून जातं. हे मला समजलं. नानांना समजलं होतं, पण सोसवत नव्हतं. करवत एक बोट वर गेली की ते किल्लीनं ठोकून दाखवत.

"चाचा, बठ्ठं सडेल नही शे! सडेल शे तितलंच काढा. हाई वरनं जिवत शे."

"नाना, इतली मेहनतमा नवी खिडकी बसी जाती."

"नवी कोनले पाहिजे?"

चाचा माझ्याकडे बघत. मी गजाकडे बघत असे. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की मला पाहिजे. पण मी कुलरवाला आरोपी होतो आणि आरोपीला मत नसतं.

पट्टी बसली. तिच्या कडेला पलंगाची गोलाई होती, ती चाचांनी रंधा मारून काढायची म्हटलं तर नाना म्हणाले राहू द्या. सांध्यात सरस, चार स्क्रू, फटीत लाकडाचा भुसा आणि सरस कालवून भरलेला, वर लांबी म्हणजे पुट्टी. रंगाचे दोन उरलेले डबे होते, एक तपकिरी आणि एक कुठल्याशा दरवाजाचा निळा. दोन्ही मिसळून जो रंग झाला त्याला अजून कोणी नाव दिलेलं नाही. कुलरसाठी नानांनी बायकोच्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड दिलं. आता कुलर चौकटीपासून टीचभर अलग, स्वतःच्या पायांवर उभा. रविवारी दुपारी नानांनी खिडकी उघडली, मिटली, उघडली, मिटली. कडी आपणहून खाली पडायची, आता धरून बसायला लागली होती. चाचांनी मजुरी घेताना निम्मी परत केली आणि म्हणाले, बाकीची पुढच्या जन्मी. नानांनी पावती लिहून घेतली.

आखाजीला मुलगा आला. सकाळी आईची घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, नैवेद्य झाला. मलाही जेवायला बोलावलं होतं, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. शेजारच्या अक्कांनी करून दिल्या होत्या. जेवताना मुलगा भिंतीला उभ्या केलेल्या पलंगाकडे बघत होता. पण सणाचं पान पुढ्यात असताना तो काही बोलला नाही. जेवण झाल्यावर, "सर, जरा वर येऊ का?" म्हणून माझ्या मागोमाग जिना चढला.

तो सरळ खिडकीकडे गेला. हात फिरवत खाली आला आणि त्या गोलाईवर थांबला.

"हा आमचा पलंग ना?"

मी हो म्हटलं.

तो हसला, पण आवाज आला नाही. मग खिडकीशीच उभा राहून म्हणाला, "सर, मी काही कसाई नाही. मागच्या वेळी ते पडले तेव्हा तुम्ही वर होता म्हणून कळलं. नाहीतर सकाळी दूधवाल्याला कळलं असतं. मला रोज झोपताना तेच दिसतं. वर माणूस राहणार असेल तर मी त्यांना इथे राहू देईन, विकासकाला नाही म्हणून सांगेन. वर कुलूप लागणार असेल तर नाही. तुम्ही अजून किती वर्षं आहात? खरं सांगा."

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. फोनवर मला ती अहो बाबा म्हणायची, कारण तिची आई मला अहो म्हणायची आणि दुरुस्त करायला बाप रोज घरात नव्हता. त्या वर्षीचा अर्ज आम्ही पंधरा दिवसांपूर्वीच भरला होता.

"अजून चार-पाच वर्षं तरी," मी म्हटलं. "आमच्याकडे जागाच नाहीत. मी तर आता नादच सोडलाय."

त्याचा चेहरा मोकळा झाला. त्यानं माझा हात हातात घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं, ही दोन्ही एकदम कशी वाटली ते अजून मला नीट सांगता येत नाही. मागे वळलो तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर नाना पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांनी तांब्या आत ठेवला आणि खाली गेले.

मुलगा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. जाताना त्यानं बाजारातून एक लोखंडी पलंग आणून दिला. नाना त्यावर झोपायला लागले, पण त्याला ते पलंग म्हणत नसत, तात्पुरती नेमणूक म्हणत. त्या दिवशी मुलाची गाडी वळणावर गेल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "गुरुजी, तुमले खोटं बोलता येत नही. कसाले बोलनात?"

मी दार लावून घेतलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं. नाना घरात होते, खिडकी जागेवर होती. पावसाळ्यात सांध्यातून थेंब आला नाही. फक्त एक नवी खोड दिसायला लागली. रोज सकाळी दहा ते अकरा नाना बटणांच्या फोनवर जुन्या सहकाऱ्यांना फोन करत. सातारा, सांगली, कोल्हापूर, कुठकुठल्या कारकुनांची नावं. मला वाटलं, म्हातारपणी जुन्या ओळखी उजळताहेत. तेवढं तरी करू द्यावं म्हणून मी लक्ष दिलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. स्टुलावर एक कागद होता. धुळ्याजवळच्या सोनगीरच्या एक बाई, सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात नऊ वर्षं शिक्षिका. त्यांना सोनगीरला आपल्या घरी यायचं होतं. मी तिकडे, त्या इकडे. आपसी बदली. बाईंचं संमतिपत्र, सहीसकट. नानांनी माझ्या जागेसाठी अख्खं वर्ष जोडीदार शोधला होता.

मी दोनदा वाचलं. मग म्हटलं, "नाना, त्या तर सोनगीरला आपल्या घरी राहणार. इथे नाही."

"हो."

"म्हणजे वर कुलूप. मी गेलो तर ते तुम्हाला घेऊन जातील. मी मुलाला शब्द दिलाय."

"तो खोटा होता."

"दुसरा भाडेकरू बघू आधी. सही पुढच्या वर्षी करू."

"सदर जोडीदार वर्षभर थांबणार नाही. तिले बी घर शे." छापील मराठी संपली. "गुरुजी, तुमनी पोर कितली मोठी व्हयनी?"

"पाच वर्षांची."

"आनि तुम्हीन तिले कितला दिन देखं?"

मी कागद पुन्हा उचलला.

"मन्ही जिंदगी दुसरास्ना बदलीना कागद फिरवामा गयी," नाना म्हणाले. "कोनले घर मिळनं, कोनले नही मिळनं. माले कधी कोनी दिसनं नही, नुस्तं नाव दिसनं. तुम्ही मन्हा डोकावर ऱ्हातस. करा सही."

त्यांनी पेन पुढे केला. मी सही केली. तारीख घालायची राहिली होती, ती त्यांनी बोट ठेवून घालून घेतली. मान वर केली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हसतो आहे. मी घरी जाणार होतो. समोरच्या माणसाचं घर जाणार होतं आणि मला हसू आवरत नव्हतं. तोंड वळवावं तर कुठे वळवू? नाना समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे नीट बघत होते, आणि त्यांनी मला खुशाल हसू दिलं.

जूनमध्ये मी साताऱ्याला गेलो. वरच्या खोलीला दुसरा भाडेकरू मिळाला नाही आणि दिवाळीच्या आत मुलानं नानांना पुण्याला नेलं. आमचं फोनवर बोलणं होतं, पण धुळ्याच्या त्या घराचं पुढे काय झालं हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.